तारेपलीकडचा मुक्काम आणि बॅटरीचा जमाखर्च

कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाच्या ज्या जागा सरकारने आखून दिल्या आहेत, त्यांपैकी एकाही जागेवर विजेची जोडणी नाही. योसेमिटीच्या दरीत पाइन वृक्षांच्या छायेखाली गाडी उभी करण्याचे भाग्य ज्यांना आगाऊ नोंदणीच्या झुंबडीतून लाभते, त्यांनाही ती मिळत नाही. आणि ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइट या गावाभोवती जे सरकारी माळरान पसरले आहे, ज्यावर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत शुल्क भरून दीर्घ मुक्काम करण्याची रीतसर मुभा आहे, तेथे तर ज्याने त्याने आपल्या विजेची तजवीज आपणच करावयाची असते. चाकांवरचे घर, ज्यास तिकडे सर्वत्र आरव्ही म्हणतात, ते अशा स्थळी प्रथमच नेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॅटरी कोणती घ्यावी? प्रश्न रास्त आहे. परंतु तो वास्तविक तिसऱ्या क्रमांकावर विचारावयाचा प्रश्न आहे. रोजचा खर्च किती आणि झालेला खर्च भरून कसा निघणार, या दोन गोष्टींची खातरजमा झाल्यावाचून बॅटरीच्या जातीची चर्चा करणे म्हणजे उत्पन्नाचा आणि उचलीचा अंदाज न घेता तिजोरीचे माप ठरवणे होय.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. बे एरिया, सिॲटल किंवा डॅलस येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे दीर्घ सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहावयास निघतात, आणि त्यांतली काही पुढे स्वतःचा ट्रेलरही विकत घेतात. इकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे. परंतु त्याहून जवळचा धागा आपल्या घरातच आहे. भारनियमनाच्या दिवसांत ज्याने जिन्याखाली इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी ठेवली, तिच्या नळ्यांतली पातळी पाहून वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर ओतले, आणि चार वर्षांनी पंखा अर्ध्या तासातच मंदावू लागला तेव्हा दुकानदाराकडे जुनी बॅटरी वजनावर दिली, त्याला शिशाच्या बॅटरीचा स्वभाव पुस्तकावाचून ठाऊक असतो. फरक इतकाच, की घरातल्या इन्व्हर्टरला दोन-चार तासांनी महावितरणची वीज परत येण्याचा भरवसा होता. वाळवंटात हा भरवसा नसतो.

प्रथम खर्च. आरव्हीतील घरगुती विजेचा व्यवहार बारा व्होल्टांवर चालतो आणि त्याचा हिशेब अँपिअर-तासांत ठेवतात. एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला म्हणजे एक अँपिअर-तास खर्ची पडला. नोव्हेंबरातील जोशुआ ट्री, वीस-बावीस फुटी ट्रेलर आणि चौघांचे कुटुंब असा दाखला घेऊ. दिवस उबदार असला तरी रात्र गारठ्याची असते, आणि फर्नेस जरी गॅसवर पेटत असली तरी तिची उष्णता खोलीत लोटणारा पंखा बॅटरीवरच फिरतो. हा पंखा सुमारे सात अँपिअर ओढतो आणि रात्रभरात थांबत-चालत पाच तास फिरला तर पस्तीस अँपिअर-तास त्याच्याच नावे पडतात. नवख्या माणसाला या एका नोंदीचा जितका अचंबा वाटतो तितका दुसऱ्या कशाचा वाटत नाही, कारण ‘उष्णता गॅसची, मग बॅटरीचा काय संबंध’ असा त्याचा स्वाभाविक समज असतो. एलईडी दिव्यांना पाच, पाण्याच्या पंपाला दोन, मोबाइल आणि लॅपटॉप यांना मिळून बारा. आणि गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र, शीतकपाटाचे नियंत्रण, रेडिओचे घड्याळ अशी जी मंडळी रात्रंदिवस गुपचूप हजेरी लावून खात बसलेली असतात, त्यांना सोळा. बेरीज सत्तर. शीतकपाट गॅसवर चालणारे जुन्या पद्धतीचे असेल तर हिशेब येथेच थांबतो. पण अलीकडच्या ट्रेलरांत पुष्कळदा बारा व्होल्टांच्या कॉम्प्रेसरचे शीतकपाट बसवलेले असते, आणि त्याचे पन्नासेक मिळवले की बेरीज एकशेवीसवर जाते. घरात कोणी झोपेतील श्वासरोधासाठी सीपॅप यंत्र लावून निजत असेल, तर त्यातील पाणी तापवण्याची सोय बंद ठेवूनही आणखी वीस धरावेत. स्टारलिंकची तबकडी संध्याकाळी सहा तास चालू ठेवली तर आणखी तीस.

आता याच्याशेजारी ट्रेलर विकणाऱ्याने सोबत दिलेली बॅटरी ठेवून पाहावी. ती बहुधा ‘ग्रूप २४’ या मापाची, सुमारे ऐंशी अँपिअर-तासांची आणि शिशाची असते. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवू नये असा संकेत आहे, कारण खोल उपशाने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणजे हाती राहिले चाळीस. पहाटे चारच्या सुमारास फर्नेसचा पंखा कण्हू लागणे आणि मुलांनी पांघरुणे ओढून घेणे, हा जो अनुभव पहिल्या मुक्कामात पुष्कळांच्या वाट्यास येतो, त्याचे कारण या वजाबाकीत आहे. बॅटरी सदोष होती असे तिच्यावर बालंट घेण्याचे कारण नाही.

स्वयंपाकाविषयी येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण आपल्या लोकांचा खर्च याच खात्यात फुगतो. विजेने उष्णता निर्माण करणे हा बॅटरीच्या दृष्टीने सर्वांत महाग व्यवहार आहे. मायक्रोवेव्ह दहा मिनिटे चालवला तर वीस-बावीस अँपिअर-तास जातात. विजेच्या इन्स्टंट पॉटमध्ये वरण-भात लावला तर पंचवीस-तीस. आणि तोच कुकर गॅसच्या शेगडीवर ठेवून तीन शिट्ट्या काढल्या तर बॅटरीला त्याची वार्ताही नसते. चटणी वाटणारा मिक्सर मात्र विनाकारण बदनाम आहे. अमेरिकन व्होल्टेजचा मिक्सर तीन मिनिटे फिरवून दोन-अडीच अँपिअर-तासांच्या पलीकडे काही जात नाही. जाते ते दुसरीकडून: त्या तीन मिनिटांसाठी चालू केलेला दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर बंद करावयाचा राहून गेला, तर काही काम न करताही तो तासाला एक ते दोन अँपिअर-तास खात राहतो, आणि दिवसाअखेर चटणीच्या दहापट रक्कम निव्वळ या गफलतीपायी खर्ची पडते.

खर्चानंतर वसुली. तिचे मार्ग तीन: सूर्य, जनरेटर आणि गाडीचे इंजिन. छतावर सपाट बसवलेली शंभर-शंभर वॅटची दोन सौर पॅनेले जून महिन्याच्या निरभ्र दिवशी ऐंशीच्या आसपास अँपिअर-तास मिळवून देतील; नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेस कललेला आणि दिवस आखूड, तेव्हा चाळीस मिळाले तरी समाधान मानावे; आणि योसेमिटीच्या झाडीत, जेथे सावलीसाठीच माणसे जागा निवडतात, तेथे जवळजवळ काहीच मिळणार नाही. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये जो नियंत्रक असतो तो एमपीपीटी प्रकारचा असावा, साधा पीडब्ल्यूएम असल्यास पॅनेलच्या शक्तीचा काही अंश वाया जातो. यापेक्षा अधिक या बाबीवर लिहिण्याचे प्रयोजन नाही. जनरेटर भरवशाचा, पण राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागी तो चालवण्याचे तास ठरवून दिलेले असतात आणि शेजाऱ्यांच्या कपाळावरील आठ्या त्या तासांतही दिसतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या सात-पिनी जोडणीतून प्रवासात काही वीज मागे येते खरी. परंतु ती तार इतकी बारीक आणि लांब असते, की तासाला पाच-दहा अँपिअर-तासांपेक्षा अधिक अपेक्षा तिच्याकडून करू नये.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मग बॅटऱ्यांकडे वळावे. शिशाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिच्यातले रसायन बदललेले नाही. शिसे, शिशाचे ऑक्साइड आणि सौम्य गंधकाम्ल यांवरच ती चालते. तिचे दोन घराणे-भेद आहेत, आणि खरेदीतली पहिली फसगत येथेच होते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर प्रचंड प्रवाह द्यावयाचा असतो. दीर्घकाळ मंद प्रवाह देणाऱ्या डीप-सायकल बॅटरीच्या पट्ट्या जाड आणि थोड्या असतात. दुकानात ‘मरीन’ किंवा ‘मरीन/आरव्ही’ अशी चिठ्ठी लावलेली जी बॅटरी मिळते, ती बहुधा या दोहोंच्या मधली असते आणि दोन्ही कामे बेताचीच करते. तिच्या अंगावर अँपिअर-तासांऐवजी इंजिन सुरू करण्याच्या क्षमतेचा आकडा ठळक छापलेला दिसला, की ती कोणत्या कुळातली हे ओळखावे आणि पुढे चालू लागावे.

खरी डीप-सायकल बॅटरी स्वस्तात हवी असेल तर जुन्या जाणत्यांचा मार्ग गोल्फच्या मैदानावरून जातो. तेथील छोट्या गाड्यांसाठी बनवलेल्या सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की बारा व्होल्ट होतात. ट्रोजन कंपनीची टी-१०५ ही या वर्गातली प्रसिद्ध बॅटरी सुमारे २२५ अँपिअर-तासांची आणि वजनाने २८ किलोंची. म्हणजे जोडीचे छप्पन्न किलो. दणकट आणि दुरुपयोग सोसणाऱ्या या बॅटऱ्यांविषयी मला आदर आहे, तथापि त्यांच्या हिशेबात एक कसर आहे आणि ती जाहिरातीत कधी येत नाही. शिशाची बॅटरी भरताना ऐंशी टक्क्यांपर्यंत जोमाने भरते; पुढचा पाचवा हिस्सा मात्र, धान्याचे माप शिगेला नेताना शेवटची मूठ हलक्या हाताने घालावी लागते तसा, फार सावकाश घ्यावा लागतो आणि त्याला कित्येक तास लागतात. जनरेटरच्या ठराविक दोन तासांत हे पूर्ण होणे नाही. यास्तव तारेपलीकडच्या मुक्कामात ही बॅटरी व्यवहारतः पन्नास आणि ऐंशी टक्के यांच्या दरम्यानच खालीवर होत राहते, आणि २२५ अँपिअर-तासांच्या जोडीतून रोज हाती येतात ते पासष्ट-सत्तर. शिवाय उपसा जितका वेगाने करावा तितकी एकंदर शिल्लकच कमी भरते. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलेला हा नियम इन्व्हर्टर लावणाऱ्यास फार जाचतो, कारण छापील आकडा वीस तासांच्या मंद उपशावर मोजलेला असतो.

शिशाच्याच बंदिस्त प्रकारांचा, एजीएम आणि जेल यांचा, परामर्श थोडक्यात आटोपतो. त्यांत पाणी घालावे लागत नाही आणि भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडून साचण्याचे भय कमी. परंतु वजन, निम्म्यावर थांबण्याचे बंधन आणि शेवटच्या हिश्शाचा रेंगाळपणा हे दोष जवळपास तसेच राहतात, किंमत मात्र वाढते. आज नवीन घेणाऱ्याने त्यांच्या वाटेस जाण्याचे विशेष कारण मला दिसत नाही.

राहिली लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत या पदार्थाचा बॅटरीतील धनाग्र म्हणून उपयोग सिद्ध झाला, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधावर पहिले नाव अक्षय पाढी यांचे व दुसरे नंजुंडस्वामी यांचे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांच्या कार्यासाठी २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोबाइलमधील लिथियम बॅटरी पेटल्याच्या वार्ता वाचून ज्यांच्या मनात धास्ती बसली आहे त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की या फॉस्फेटमध्ये प्राणवायूचे अणू फॉस्फरसशी घट्ट बांधलेले असतात, तापल्यावरही ते सहजी सुटत नाहीत, आणि म्हणूनच हा प्रकार त्या दुसऱ्या प्रकारांपेक्षा पुष्कळ शांत स्वभावाचा आहे.

शंभर अँपिअर-तासांची अशी एक बॅटरी अकरा ते तेरा किलोंची असते, तीतून ऐंशी-नव्वद अँपिअर-तास निर्धास्त उपसता येतात, आणि ती जवळजवळ अखेरपर्यंत एकाच वेगाने भरून घेते. म्हणजे रोजच्या वापराच्या दृष्टीने ही बारा किलोंची एक पेटी त्या छप्पन्न किलोंच्या जोडीच्या तोडीस तोड, किंबहुना कांकणभर सरस ठरते. उपसा-भरणीची दोन हजारांपासून पुढची आवर्तने ती सोसते. काही वर्षांपूर्वी अशा बॅटरीस हजार डॉलरांच्या घरात पैसे पडत, तेव्हा गोल्फवाल्या जोडीचा पक्ष बळकट होता. आज ती तीनशे डॉलरांच्या आतबाहेर मिळते, आणि काटकसरीच्या नावाखाली शिसे घेण्याचा युक्तिवाद बराचसा ढासळला आहे.

बराचसा म्हणावयाचे, कारण थंडीचा मुद्दा शिल्लक राहतो. शून्य अंश सेल्सियसखाली ही बॅटरी वीज देऊ शकते, पण घेऊ शकत नाही; त्या तपमानात भरणी केली तर लिथियम ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातुरूपाने साचते आणि हानी कायमची होते. बॅटरीतील संरक्षक मंडल, ज्यास बीएमएस म्हणतात, अशा वेळी भरणी रोखून धरते. पण स्वस्त बॅटऱ्यांपैकी प्रत्येकीत ही सोय असतेच असे नाही, तेव्हा ती आहे की नाही हे कागदावर लिहिलेले पाहूनच पैसे मोजावेत. ट्रेलरची बॅटरी बहुधा पुढच्या दांड्यावर, उघड्यावर, असते. युटातील ब्राइस कॅनियनसारख्या अडीच हजार मीटरांच्या आसपासच्या पठारावर वसंतात आणि शरदातही रात्री पाणी गोठते, आणि सकाळी सौर पॅनेल जागे होते तेव्हा बॅटरी अजून गारठलेलीच असते. उपाय दोन: अंगभूत तापक असलेली बॅटरी घेणे, किंवा बॅटरी ट्रेलरच्या आत, पलंगाखाली हलवणे. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. शिशाच्या बॅटरीलाही थंडी मानवत नाहीच. भरलेली असेल तर ती निभावते, मात्र रिकामी होऊन पडली असेल तर शून्याच्या थोडे खाली तिच्यातले पाणी गोठून कवच फुटते.

लिथियम बॅटरी आणून जुन्या जागी ठेवली की काम झाले, अशी जी समजूत विक्रेते करून देतात, तिची रुजुवात घेतली पाहिजे. जुन्या ट्रेलरांतला कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर किंवा जनरेटरवर बॅटरी भरणारे यंत्र, पुष्कळदा १३.६ व्होल्टांवरच घुटमळतो, लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात, आणि त्यावाचून ती सावकाश व अपुरी भरते. मोटारहोममध्ये, जेथे इंजिनाचा आल्टरनेटरच बॅटरी भरतो, तेथे धोका उलट दिशेने येतो: लिथियमचा अंतर्गत रोध इतका अल्प, की ती मिळेल तितका प्रवाह ओढून घेते आणि आल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवून हा ओघ वीस-चाळीस अँपिअरांवर बांधून द्यावा लागतो. बॅटरीच्या धन-टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज, आणि मोठा इन्व्हर्टर असल्यास क्लास-टी वर्गाचाच फ्यूज, हा खर्च टाळू नये. शॉर्ट-सर्किटच्या वेळी या बॅटऱ्यांतून उसळणारा प्रवाह साध्या फ्यूजला तोडता येईलच असे नाही.

आणखी एक तफावत. शिशाच्या बॅटरीची शिल्लक व्होल्टमीटरवरून अजमावता येते. स्वस्थ पडलेली असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.१च्या सुमारास निम्मी. लिथियमचा व्होल्टेज मात्र भरलेली असो वा पाव उरलेली, १३च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, आणि ट्रेलरच्या भिंतीवरील चार दिव्यांचा दर्शक शेवटच्या घटकेपर्यंत ‘भरलेली’ अशीच ग्वाही देत राहतो. म्हणून ऋण-टोकावर शंट बसवून आलेला व गेलेला प्रत्येक अँपिअर मोजणारा मापक घ्यावा. पहिल्या खरेदीत कोणती एकच वस्तू घ्यावी असे कोणी विचारले तर मी बॅटरीच्याही आधी या मापकाचे नाव घेईन. वर मांडलेली सत्तरची आणि एकशेवीसची बेरीज अदमासाची आहे, आपल्या घरची खरी बेरीज तोच सांगू शकतो.

जे आरव्ही भाड्याने घेतात, आणि आपल्या लोकांत तेच अधिक, त्यांच्यापुढे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. बॅटरी बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो. मोठ्या भाड्याच्या गाडीत जनरेटर अंगभूत असतो आणि त्याच्या तासांचे भाडे बहुधा वेगळे लावतात, तेव्हा करार करतेवेळीच तो दर विचारून घ्यावा. सीपॅप, लॅपटॉप यांसारख्या कामांसाठी हजार वॅट-तासांची उचलून नेण्याजोगी पॉवर स्टेशनची पेटी सोबत घेतल्यास गाडीची बॅटरी फर्नेससाठी राखून ठेवता येते. मायदेशी येताना ती विमानातून आणण्याचा बेत मात्र कोणी करू नये. प्रवासी विमानांत विशेष मंजुरीनेही १६० वॅट-तासांपलीकडची सुटी लिथियम बॅटरी नेता येत नाही.

तेव्हा निवाडा असा. पहिला मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, गोठवणाऱ्या थंडीचे स्थळ टाळावे, आणि शक्य तर घराच्या अंगणातच एक रात्र ट्रेलरची विजेची तार काढून निजून पाहावे. गॅसवरचे शीतकपाट असेल तर शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी, कॉम्प्रेसरचे असेल तर तशाच दोन, दोनशे वॅटची पॅनेले, शंट आणि लिथियमला जुळणारा कन्व्हर्टर, एवढ्या बेगमीवर एका कुटुंबाचा दोन-तीन दिवसांचा मुक्काम सुखाने होतो. ज्याचा ट्रेलर हिवाळाभर बर्फात उघड्यावर उभा राहणार, बॅटरी आत हलवण्यास जागा नाही आणि वजनाची अडचणही नाही, त्याने गोल्फच्या गाडीची जोडी घ्यावी; परत आल्यावर ती पूर्ण भरून ठेवावी आणि सर्व बारीकसारीक उचल तोडणारे डिस्कनेक्ट बटण दाबावे. लिथियम असेल तर निम्मी भरून ठेवली तरी चालते. आणि बदल करताना कोणतीही बॅटरी नसलेला ट्रेलर रस्त्यावर काढू नये: ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे विजेचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा याच बॅटरीवर चालते.